संध्याकाळची भट्टी बंद करू नका : गावातल्या बेकरीवाल्यांना खुलं पत्र

गावातल्या सगळ्या बेकरीवाल्या भावांनो,

नमस्कार, सलाम.

मी कोण हे तुम्हा चौघांना माहितीच आहे, पण हे पत्र बाकीच्यांनी पण वाचावं म्हणून सांगते. शाळेच्या रस्त्याला आमचं किराणा दुकान आहे, सासऱ्यांनी टाकलेलं, आणि गेली बावीस वर्षं गल्ल्यावर मीच बसायले. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव एवढं पुरे, ज्याला कळायचं त्याला कळतं. तुमचा पाव, टोस, खारी, बटर हे सगळं माझ्याच दुकानातून घराघरात जातं, म्हणजे हे भांडण असलंच तर घरातलं आहे. मग घरातल्या भांडणाला खुलं पत्र कशाला? तर मागच्या आठवड्यात तुम्ही चौघांनी मिळून जो कागद चिकटवलात तो बी खुलाच होता की. माझ्याच शटरवर, मला न विचारता, आणि ते बी असल्या खळीनं की निघता निघेना, त्याचा राग वेगळा.

कागदावर काय तर, येत्या एक तारखेपासून संध्याकाळची भट्टी बंद राहील, सुटा पाव मिळणार नाही, पाव आणि ब्रेड फक्त पॅकिंगमध्ये सकाळी एकदाच येईल, ग्राहकांच्या सोयीसाठी.

बाकीचं सगळं एक वेळ समजून घेता येईल पण ते शेवटचे दोन शब्द काही घशाखाली उतरेनात. आमची सोय बघायलात असं तुम्ही म्हणता, आणि खरं सांगायचं तर बघायलातच, तिथंच सगळा घोळ आहे, पण ते पुढं सांगते.

आधी काय बंद होणार आहे ते लिहू द्या. कारण ज्यांची लेकरं आता पुण्याला बसून फोनवर दहा मिनिटात ब्रेड मागवतात (माझी थोरली पण त्यातच) त्यांच्या लक्षात बी नसेल. संध्याकाळी पाचच्या सुमाराला सायकलच्या कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधून पोरगं येतं, पोंगा वाजवत. झाकण उघडलं की आधी वाफ तोंडावर येते आणि मग वास, भाजल्या पिठाचा, जरासा आंबूस, मागून थोडा लाकडाच्या धुराचा. लादी हातात घेतली की बुडाला ऊन लागते आणि वजनदार लागते. पावापासून पाव ओढला की तो पटकन तुटत नाही, मधलं ताणत जातं, पांढऱ्या रेषा सुटतात त्याच्या, लेकरं त्या रेषा सोलून सोलून खातात, माझी दोघं तशीच खायची, सोबत चहा नको का काही नको. कधी कधी बुडाला राखेचा एखादा काळा कण चिकटलेला असायचा, सासूबाई तो नखानं काढायच्या आणि म्हणायच्या भट्टीचा हाय गं, बघ.

आणि हाच पाव दुसऱ्या दिवशी दगड. व्हायचाच, त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. घरात शिळी भाकर ताकात कुस्करून खाणारी माणसं आपण, शिळ्याचं काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. शिळा पाव तेल-तिखट टाकून तव्यावर परतायचा नाही तर चहात बुडवायचा. तुमच्याकडं जो उरायचा तो तुम्ही कापून परत भट्टीत सारायचात, त्याचा टोस व्हायचा. टोस म्हणजे दुसरं काय, दोनदा भाजलेला पावच की.

तर मी रविवारी तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर चाचांकडं भांडायलाच गेले होते. भट्टीसमोर खाटेवर बसले होते, चहा पाजला, आणि मग एकेक सांगत गेले. लाकूड महागलं. दोन कारागीर हैदराबादला गेले ते परत आलेच नाहीत, जो एक उस्ताद राहिलाय तो पहाटे तीनला उठतो, त्याला संध्याकाळी परत उभं कसं करायचं. संध्याकाळी साठ लाद्या काढल्या तर पंचवीस परत येतात. मी म्हणलं परत का येतात, तर म्हणाले, "बेटा, लोगां अंगूठा दबाके देखते, फिर रख देते."

हा अंगठा मी रोज बघते, म्हणून ह्याच्यावर जरा लिहिते. माझ्या दुकानात उजव्या हाताला कंपनीच्या ब्रेडचा स्टँड आहे. गिऱ्हाईक येतं, पुडीत अंगठा रुतवतं, ब्रेड दबतो आणि स्पंजासारखा परत वर येतो, की "ताजा आहे" म्हणून घेतं. मग तुमच्या लादीत अंगठा रुतवतं, ती तेवढी दबत नाही, की "कालचाय का हो काकू?" म्हणतं. आवं तासाभरापूर्वी भट्टीतून निघालाय तो! आणि ज्याला ताजा म्हणून नेला तो नांदेडहून का कुठून निघून दोन दिवस गाडीत आणि एक दिवस माझ्या स्टँडवर होता. मऊ म्हणजे ताजा, हे आपल्या डोक्यात कोणी आणि कधी घातलं काय माहिती, पण घातलंय पक्कं.

उन्हाळ्यात मी एक उद्योग केला. कंपनीची एक पुडी आणि तुमची एक लादी, दोन्ही गल्ल्यामागच्या फळीवर ठेवून दिली आणि रोज दाबून बघत गेले. लादी दुसऱ्या दिवशी कडक, चौथ्या दिवशी वाळून खट्ट, खिळा ठोकता आला असता. पुडीतला ब्रेड सहाव्या दिवशी बी अंगठ्याखाली तसाच दबत होता न् वर येत होता, आठव्या दिवशी एका कोपऱ्याला हिरवी बुरशी आली तेव्हा टाकला. टाकताना बी मऊच होता.

माझा पुतण्या परभणीच्या फूड टेक्नॉलॉजी कॉलेजला शिकला, कृषी विद्यापीठातलं ते. त्याला हे सांगितलं तर तो हसला, म्हणे काकू ह्यात जादू काही नाही. ब्रेड कडक होतो तो नुसतं पाणी उडून होत नाही, मैद्यातला स्टार्च भाजताना पाणी पिऊन फुगतो आणि गार झाला की हळूहळू परत घट्ट व्हायला लागतो. हे लांबवायचं असलं तर त्यात फॅट घालायचं, इमल्सिफायर घालायचे, एंझाइम घालायचं, आणि बुरशी लांबवायला कॅल्शियम प्रोपिओनेट, पुडीवर २८२ नंबर लिहिलेला असतो ते. कायद्यानं चालतं सगळं, मापात असलं की. आणि त्यानंच सांगितलं की ह्या २८२ ला नुसत्या शिव्या घालू नका, आपल्याकडच्या बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यात ब्रेडच्या आतून एक जिवाणू वाढतो, ब्रेड चिकट होतो, तोडला की तार सुटते, सडक्या फळासारखा वास येतो, ते त्याच्यामुळं थांबतं. बरं. मान्य. पण मग ही गरज कशामुळं आली, तर ब्रेड आठ दिवस ठेवायचा म्हणून. पाच वाजता आणून सात वाजता खाणाऱ्याला त्याचं काय काम?

फ्रीजचं तर ऐका. हे गिऱ्हाइकांसाठी लिहायले, बेकरीवाल्यांनी सोडून दिलं तरी चालेल. तो स्टार्च घट्ट व्हायचं जे काम आहे ना ते फ्रीजच्या गारव्यात सगळ्यात लवकर होतं. बाहेर ठेवला तर बरा, नाही तर एकदम बर्फाच्या कप्प्यात. आणि आपण काय करतो, हायवेच्या मोठ्या मार्टात रविवारी ट्रॉली घेऊन जातो, एकावर एक फ्री म्हणून तीन पुड्या उचलतो, फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात कोंबतो, बुधवारी बाहेर काढतो आणि म्हणतो कडक झाला, कंपनी बदला. मग कंपनी काय करणार, अजून मऊ राहणारा काढते. आणि मग तुम्ही, बेकरीवाले, त्या मऊशी बरोबरी करायला जाता. गेल्या दहा वर्षात हेच चाललंय, मी दोन्हीच्या मधे बसून बघायले.

बसस्टँडवरच्या वडापाववाल्यांचं थोडं वेगळं. त्यांना एका वेळी शंभर-दोनशे पाव लागतात, त्यांना पाव पांढरा, फुगीर आणि स्वस्त पाहिजे, वड्याच्या खाली चव कोण बघतंय. लग्नातल्या पावभाजीचं पण तेच. मोठी ऑर्डर त्यांची, म्हणून त्यांच्या मापाचा पाव निघतो आणि तोच माझ्या दुकानात बी येतो. त्यांना नावं ठेवत नाही, धंदा आहे त्यांचा.

आता माझी स्वतःची पण लाज सांगून टाकते, नाही तर तुम्ही म्हणाल मोठी शहाणी. कंपनीची गाडी येते, शिल्लक पुड्या परत घेऊन जाते, बदलून नवीन देते, मला एक रुपयाचं नुकसान नाही, लोखंडी स्टँड पण फुकट देऊन गेले. तुमचा पाव उरला तर अर्धं नुकसान माझं. म्हणून मी काय केलं, कंपनीचा स्टँड दारात डोळ्यासमोर आणि तुमचा क्रेट आत, खाली, फिनाईलच्या बाटल्यांशेजारी. तिथं ठेवून मीच परत म्हणायचे की भट्टीचा पाव जात नाही आजकाल. हे लिहिताना मलाच कसंतरी व्हायलंय पण खरंय ते.

एवढं सगळं तुमच्या बाजूनं मान्य करून, आता माझी गाऱ्हाणी.

सगळ्यात मोठं गाऱ्हाणं खमिराचं. पूर्वी रात्री मैदा भिजवायचा, तो रात्रभर आंबायचा, पहाटे गोळे पडायचे. चव त्या वेळेत तयार होते हे तुम्ही मला सांगायची गोष्ट, मी तुम्हाला सांगावी अशी नाही. आता इम्प्रूव्हरची, म्हणजे पीठ लवकर फुगवायच्या पावडरची, पिशवी फोडता, ईस्ट दाबून टाकता, मशीन फिरवता आणि काही तासात ट्रे बाहेर. पुतण्या म्हणतो ह्या घाईचं मूळ इंग्लंडात आहे, चॉर्लीवूड म्हणून गाव आहे तिथल्या संशोधन केंद्रानं १९६१ मध्ये ही रीत काढली, तासनतास आंबवायचं काम काही मिनिटं जोरात मळून उरकायचं, जास्तीचं ईस्ट, फॅट न् मदतीला रसायनं टाकायची, त्यांच्याकडच्या हलक्या गव्हाचा पण फुगीर ब्रेड निघायला लागला, पिठापासून पुडीपर्यंत साडेतीन तासाच्या आसपास. त्यांची गरज त्यांना माहिती. मोठ्या कारखान्याला ते लागतंच, दिवसाला हजारो पुड्या काढायच्या असतात. तुम्हाला साठ लाद्या काढायच्यात! कारखान्याची घाई तुम्ही उचललीत पण कारखान्याकडं असलेलं मापाचं मशीन, तापमानाचा काटा, लॅब, ह्यातलं काहीच तुमच्याकडं नाही, म्हणून होतं काय की एका दिवशी पाव फुगून पोकळ, दुसऱ्या दिवशी ईस्टचा उग्र वास, तिसऱ्या दिवशी चघळलं की तोंडात लगदा.

त्या पिशवीत नेमकं काय आहे हे तुमच्यातल्या एकाला मी विचारलं तर म्हणाला, पावडर आहे. मला २०१६ चं साल आठवतं. मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं ब्रेड, पाव, बन असे ३८ नमुने तपासले आणि ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट नाही तर आयोडेट, म्हणजे पीठ सुधारायला टाकतात ती रसायनं, सापडली असं टीव्हीवर आलं, पुढच्याच महिन्यात सरकारनं ब्रोमेटवर बंदी घातली. त्या वेळी आठ-दहा दिवस माझ्या दुकानात ब्रेडला कोणी हात लावला नाही, पंधराव्या दिवशी पुन्हा "काकू एक ब्रेड" सुरू. पाव पण लोकांनी घेतला नाही, तुमचा बी, आणि त्यात ब्रोमेट होतं का नव्हतं हे तुम्हाला बी सांगता आलं नाही. पिशवीवरचं वाचून ठेवलं असतं तर छाती ठोकून सांगता आलं असतं.

दुसरं, पॅकिंग. पाव गार होऊ न देता प्लास्टिकच्या पिशवीत घालता आणि गाठ मारता. आतून पिशवीला घाम सुटतो, थेंब पावावर पडतात, संध्याकाळपर्यंत वरचं कवच ओलं न् चिवट, पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी बुरशी. ह्याला तुम्ही "ग्राहकांची सोय" म्हणायलात. आमच्या शेजारच्या वहिनींनी लेकराच्या डब्यात मस्का पाव दिला, दुपारी लेकरू डबा तसाच घेऊन आलं, पावाच्या पोटात हिरवा ठिपका. त्या माझ्याकडं आल्या, तुमच्याकडं नाही. मी पैसे परत दिले, पंचवीस रुपये, पण त्यांनी त्या दिवसापासून भट्टीचा पाव बंद केला तो केलाच. आता एक तारखेपासून सगळाच माल असा पिशवीत येणार म्हणल्यावर मी कोणाकोणाचे पैसे परत देऊ?

वजनाचं थोडक्यात. आठ पावांची लादी तीन वर्षांपूर्वी माझ्या काट्यावर चारशे ग्रॅम भरायची, परवा भरली तीनशे तीस. भाव वीसचा पंचवीस केलात तो दिसला, ग्रॅम कमी केलेत ते गुपचूप. मैदा महागलाय हे मला नाही तर कोणाला कळणार, मीच विकते. तीस रुपये करा. पण सांगून करा.

आणि कालचा पाव आजच्याच्या खाली लावून पाठवता ते मला कळत नाही असं समजू नका. चौघंही करत नाही, दोघं करता. ते दोघं कोण हे दोघांना माहितीये.

एक आपलं आठवलं म्हणून सांगते. संभाजीनगरला आमच्या नणंदेकडं गेलं की नान-खलियाचा (नान आणि मटणाचा रस्सा) बेत असला तर भाच्याला जुन्या शहरात भट्टीवर पाठवतात, पिवळसर चकचकीत मोठमोठे नान कागदात गुंडाळून घेऊन येतो, घरात आले की ऊनऊनच पानात. तिथं मी आजपर्यंत एकाला बी विचारताना ऐकलं नाही की हा किती दिवस टिकतो. जेवणाच्या मापानं आणतात आणि त्याच दिवशी संपवतात. ती भट्टी बी आपल्याच मराठवाड्यात आहे, तिथं बी लाकूड महागच असेल की.

ब्राऊन ब्रेडचं एक राहिलं. तुमच्यातल्या एकानं आता "ब्राऊन" काढलाय, पाच रुपये जास्त. पुडीवर घटक लिहिताना जे जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, कंपनीच्या पुडीवर निदान पहिला शब्द वाचता येतो, मैदा का आटा ते कळतं, रंगासाठी कॅरॅमल घातलं असलं तर १५० चा नंबर दिसतो. तुमच्या पुडीवर फक्त गुलाबाचं चित्र आहे. आत काय घातलंय बाबा? शुगरवाली माणसं डॉक्टरनं सांगितलं म्हणून नेतात तो, थट्टा नाही ती. (परवा एक ताई ज्वारीचा ब्रेड मिळेल का म्हणून आल्या होत्या. पुतण्या म्हणतो ज्वारीत ग्लुटेन नसतं, नुसत्या ज्वारीचा पावासारखा फुगणार नाही. मी त्यांना दोन किलो मालदांडी दिली आणि म्हणलं घरी थापा.)

तर माझ्या मागण्या अशा. हात जोडून आहेत पण मागण्याच आहेत.

संध्याकाळची भट्टी पूर्ण बंद करू नका. चौघांची रोज परवडत नसेल तर पाळी लावा, आज एकाची, उद्या दुसऱ्याची, ज्याची पाळी त्याची पेटी सगळ्या दुकानात जाईल. उस्तादाला बी तीन दिवस विश्रांती मिळेल आणि लाकूड एकाच भट्टीचं जळेल. हे मी चाचांना बोलले तर ते म्हणाले चौघं एकत्र बसले तर चहाच्या पैशावरून भांडतील. बसा तरी.

सुटा पाव चालू ठेवा. पॅकिंग करायचंच असेल तर पूर्ण गार झाल्यावर करा, आणि संध्याकाळचा तर कागदातच द्या, कागद मी देते.

कधी भाजला ते लिहा. १ ऑक्टोबर २०२० पासून मिठाईवाल्यांना सुट्या मिठाईच्या ट्रेसमोर कधीपर्यंत खायची ती तारीख लावावी लागते, ते लावायलेत ना, त्यांचं काही बुडालं नाही. तुम्ही पेटीत एक चिठ्ठी टाका, आजची तारीख न् किती वाजता निघाला, मी ती खडूनं पाटीवर लिहीन. कालचा माल असला तर "कालचा" म्हणून वेगळा पाठवा, निम्म्या भावात, टोस करायला नेणारी गिऱ्हाइकं माझ्याकडं आहेत.

लादीचं वजन ठरवा आणि चौघांचं एकच ठेवा. आणि त्या पावडरच्या पिशवीवरचं लिहिलेलं एकदा मोबाईलवर फोटो काढून पाठवा, इंग्रजी वाचता येत नसेल तर पुतण्या वाचून सांगेल, त्याचे पैसे घेणार नाही. आणि आठवड्यातून एक दिवस, एकच, तो रात्रभर आंबवलेल्या खमिराचा पाव काढून बघा, जुना. चार रुपये जास्त लावा त्याला. विकून दाखवायची जबाबदारी माझी.

आता माझ्याकडून काय. नुसतं मागायचं आणि गल्ल्यावर बसून राहायचं असं करणार नाही. तुमचा क्रेट फिनाईलपासून उचललाय, आज सकाळीच, दारात उजव्या हाताला ठेवलाय, कंपनीचा स्टँड मागं सारला. गाडीवाला पोरगा तोंड वाकडं करून गेला, जाऊ दे. दुसरं, मी एक दोनशे पानी वही काढलीय, त्यात घरं लिहून घ्यायले, कोणाला रोज किती संध्याकाळचा पाव पाहिजे ते, पंधरा दिवसाचे पैसे आगाऊ. काल रात्रीपर्यंत एकतीस घरं झाली. बहुतेकांची रोज एक लादी, काहींची एक दिवसाआड, गढीमागच्या एका आजीनं फक्त दोन पाव लिहायला लावले, म्हणल्या मला एकटीला किती लागतं, पण ऊन पाहिजे. लादी मोडून दोन पाव देणार आहे मी त्यांना. मास्तरांच्या घरून आधी नाही म्हणाले, आम्ही रविवारीच सगळं भरतो म्हणाले, मग त्यांची सूनबाई मागून येऊन नाव लिहून गेली.

वहीत जेवढं लिहिलंय तेवढ्या लाद्यांचं परत काही येणार नाही. कोणी न्यायला आलं नाही तर ते नुकसान माझं, अर्धं बिर्धं नाही, पूर्ण. पस्तीस लाद्यांचा हिशोब झाला की मी तुमच्या पाळीचा पहिला आठवडा आगाऊ रोख देते.

दाबून बघणाऱ्यांसाठी पाटी पण लिहिलीय, "अंगठा लावू नये, वास घेऊन बघावा." आमचे हे म्हणतात लोक चिडतील. चिडू देत.

एक तारखेला संध्याकाळी पाचला मी चाचांच्या भट्टीवर येते, पहिली पाळी त्यांची धरून चालले आहे, वयानं मोठे म्हणून. सासऱ्यांच्या वेळची पत्र्याची पेटी माळ्यावर होती, ती घासून उन्हात ठेवलीय. तुमचं पोरगं नाही आलं तरी चालेल, लाद्या मी स्वतः नेईन.

तुमची,
शाळेच्या रस्त्यावरची किराणावाली

ता. क. शटरवरचा कागद मी काढलाय पण अर्धाच निघाला, "सोयीसाठी" तेवढं अजून चिकटून आहे. ज्यानं लावला त्याला घासायला पाठवा.